टाळांच्या घराला कुलूप नाही

केवळाबाईंचा आवाज चांगला नाही, हे मी आधीच सांगून टाकते. भजनी मंडळाची म्होरकी म्हटलं की लोकांना गोड गळ्याची बाई डोळ्यांपुढे येते. आमच्या केवळाबाई गवळण वरच्या पट्टीत सुरू करतात, मध्येच घसरून खाली येतात आणि आपण खाली आलो हे त्यांना शेवटपर्यंत कळत नाही. पेटीवर मी असते. त्यांच्यामागे धावून माझी बोटं दुखतात. एकदा वैतागून म्हटलं, "केवळामावशी, काय ती एक पट्टी धरा ना!" तर मलाच म्हणाल्या, "तुमची पेटी मागं पडून राहिली, बाई. जरा जोरानं भाता मारा."

पण कान! कान मात्र असा की विचारू नका. खोलीत पन्नास बायका टाळ कुटत असल्या तरी या मध्येच डोळे उघडणार आणि म्हणणार, "धोंडाबाईचा टाळ न्हाई आज." मग भजन संपलं, प्रसाद वाटून झाला की चपला पायात सरकवून थेट धोंडाबाईंच्या घरी. ताप असेल तर डोकं चेपून येणार, भांडण झालेलं असेल तर दोन्हीकडच्यांना झापून येणार. आमच्या गावात आजारी पडून गुपचूप झोपायची सोय नाही. मी दोनदा प्रयत्न करून बघितलाय.

आमचं गाव किल्लारीपासून जीपनं पंधरा-वीस मिनिटांवर. म्हणजे आताचं गाव. जुनं गाव खाली ओढ्याकाठी होतं, ते भूकंपात गेलं. मग सरकारनं सगळ्यांना वर माळावर आणून वसवलं. ट्रक वळेल एवढे रुंद रस्ते, एकामागे एक रांगा, सगळी घरं एकाच साच्यातली. मी नांदेडची. बदली होऊन इथल्या शाळेत आले तेव्हा पहिले काही महिने रोज दुसऱ्याच कुणाच्या तरी घरात शिरत होते. नांदेडला परत जाण्यासाठी अर्ज केले, मग तेही सोडून दिलं. आमचे हे अजून नांदेडलाच ऑफिसात आहेत आणि शनिवार-रविवारी बसचे हिसके खात येतात. लोक मला विचारतात, कामून राहिलात इथं? मी केवळाबाईंकडे बोट दाखवते.

त्र्याण्णवच्या भूकंपात केवळाबाईंची सासू गेली आणि तीन वर्षांची लेक गेली. दोघी पुढच्या खोलीत झोपल्या होत्या. सासूनं चोराचिलटाच्या धाकानं दाराला आतून कडी घातली होती. लोक जमले, दगड उपसले, दारापर्यंत पोचलेसुद्धा. पण कडी घातलेलं दार वाकून चौकटीत असं घट्ट बसलं होतं की ते फोडेपर्यंत उशीर झाला. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, शाळेच्या व्हरांड्यात, खिचडीच्या डाळीतले खडे निवडता निवडता. मी रडले. त्या खडे निवडत राहिल्या.

त्यानंतर पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले सगळ्यांनी. दिवस मावळायला लागला की कुणी आत जायला तयार नसायचं. केवळाबाईंना ढिगाऱ्यात टाळांचा एक जोड सापडला होता. एका संध्याकाळी त्या शेडच्या दारात बसल्या आणि नामाचा गजर सुरू केला. सूर असाच असणार, याबद्दल मला तिळभर शंका नाही. पण शेजारची येऊन बसली, तिच्यामागून आणखी एक आली. कुणी बोलत नव्हतं, नुसतं नाव घेत होतं, आणि अंधार पडला तरी कुणी घाबरलं नाही. असं मंडळ सुरू झालं. ना उद्घाटन, ना हार, ना फोटो.

नव्या गावात आल्यावर वेगळीच पंचाईत झाली. जुन्या गावात भिंतीला भिंत होती, या घरातून त्या घरात मीठ मागता यायचं. इथं वाटीभर पिठासाठीसुद्धा चप्पल घालून रस्ता ओलांडावा लागे. जन्माच्या शेजारणी चार रांगा पलीकडे गेल्या. कोण कुठं राहतं, कोण रडतं, कोण उपाशी झोपतं, काही समजेना. तेव्हा केवळाबाईंनी भजनच घरोघर फिरवायला काढलं. दर शुक्रवारी एक घर. टाळांसाठी पिशवी शिवली ती मदतीत आलेल्या तंबूच्या ताडपत्रीची. भजन संपलं की पिशवी एका घरी आठवडाभर ठेवायची, आणि तो आठवडा ते टाळांचं घर. शुक्रवार आला की पुन्हा त्याच घरी जमायचं, गायचं आणि तिथून पिशवी वाजतगाजत पुढच्या घरी पोचवायची.

टाळांच्या घराला कुलूप लावायचं नाही, कडी घालायची नाही. हा पहिला नेम, आणि तो का आला ते आता सांगायला नको. आठवडाभर कुणीही बाई कधीही आत येऊन बसू शकते. कुणाला नवऱ्यानं मारलं, कुणाला सासरी नकोसं झालं, कुणाला नुसताच कंटाळा आला, तर टाळांचं घर उघडं असतं. तिथं कुणी "कामून आलीस" असं विचारत नाही, चहा देतात. दुसरा नेम पिशवीचा. ती एका घरी आठवड्याच्या वर अडकवून ठेवायची नाही, आणि जी बाई तोंडानं मागेल तिच्याच घरी जाणार. भजन संपल्यावर केवळाबाई तीनदा विचारतात, "पिशवी कुणाकडं?" पण पहिल्यालाच "माझ्याकडं, माझ्याकडं" असा गलका. पिशवी घरी आली की घराला बरकत येते असं बायका मानतात, त्यामुळे नळावर होत नाहीत एवढी भांडणं तिथं होतात. पिशवीत टाळांशिवाय दुसरं काही टाकायचं नाही, हाही एक नेम. एकदा मी कापराची डबी ठेवली होती, ती त्यांनी माझ्याच अंगावर फेकली.

नेमाच्या बाबतीत बाई फार कडक. एका सरपंचाला आपल्या घरी पाहुणे येणार म्हणून पिशवी आणखी एक आठवडा हवी होती. केवळाबाईंनी त्याच्या ओट्यावरून ती उचलून नेली. स्वतःच्या मुलाचं लग्न होतं तेव्हाही शुक्रवारी पिशवी दारातून गेली ती गेलीच. त्यांचे यजमान रामलिंगमामा गरीब माणूस, भजनाच्या बायकांना चहा करून करून त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. ते म्हणतात, "माझ्यापरीस त्या पिशवीचं ऐकती ती." खरंच आहे ते.

आता आरतीचं सांगते. आरती धर्माबादची मुलगी, इथं सून होऊन आली. तिची सासू म्हणजे मघाशी सांगितलेल्या धोंडाबाई. आरतीचा नवरा प्रेम काविळीनं गेला, त्याला दोन-तीन वर्षं झाली. घरात ती, सासू आणि लेक मनस्विनी. आरती शिवणकाम करते. तिच्या हातचा ब्लाऊज एकदा घातला की बाई दुसरीकडे जात नाही. निलंग्याहून, औशाहून लग्नाची कामं येतात तिच्याकडे. मनस्विनी माझ्या वर्गात चौथीला आहे. मी फळ्यावर काही चुकले तर हात वर न करताच ओरडते. मला ती फार आवडते, हे तिला कळू देत नाही एवढंच.

प्रेमचा थोरला भाऊ भुजंग लातूरला बियाण्याच्या दुकानात नोकरीला आहे, तिथंच घर केलंय त्यानं. माणूस वाईट नाही असं सगळे म्हणतात. मी म्हणत नाही. दिवाळी झाल्यावर एका सोमवारी तो टेम्पो घेऊन आला. ओट्यावर उभं राहून, चार माणसं ऐकतील अशा आवाजात त्यानं सगळं सांगून टाकलं. आईनं लातूरला त्याच्याकडे राहायचं. आरतीला तिचा भाऊ धर्माबादला घेऊन जाईल, तसं त्याच्याशी बोलणं झालंय. घर रस्त्याला लागून आहे, एका व्यापाऱ्याला सोयाबीन ठेवायला जागा हवी आहे, तेव्हा घराला आजच कुलूप.

आरतीला कुणी विचारलं नव्हतं. मशिनवर बसली होती, पाय थांबला तिचा. म्हणाली, "भावजी, मी न्हाई जाणार. माझं काम हितं हाय, पोरीची शाळा हितं हाय."

भुजंग तिच्याशी बोललाच नाही. आईला म्हणाला, "आई, आवर. टेम्पोवाला खोळंबलाय."

धोंडाबाई आयुष्यात कुणाला नाही म्हणाल्या नव्हत्या. आधी सासूच्या शब्दात, मग नवऱ्याच्या, मग मुलाच्या. घर त्यांच्याच नावावर, पण ते त्यांना कधी आठवलं असेल असं वाटत नाही. त्यांनी सुनेकडे बघितलं नाही, मुलाकडेही बघितलं नाही. खुंटीला लटकलेल्या ताडपत्रीच्या पिशवीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "टाळ हायेत घरात. कुलूप न्हाई लावता येत."

झालं होतं असं की आधीच्या शुक्रवारी आरतीनं पिशवी मागून घेतली होती. तिला कुणकुण लागली होती की नाही, देव जाणे. भुजंग भूकंपानंतर याच मंडळात आईच्या मांडीवर बसून वाढलेला, त्याला नेम चांगला ठाऊक. टाळांच्या घराला कुलूप घालायची छाती त्यालाही झाली नाही. पण डोकं तल्लख. म्हणाला, "बरं. शुक्रवारी पिशवी हलतीच की. तवा मीच येऊन बसतो आन त्याच पायी कुलूप लावतो." सोबत आणलेलं भलं मोठं पितळी कुलूप कोनाड्यात ठेवून, किल्ली त्यातच ठेवून, तो टेम्पो रिकामा घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी मनस्विनीनं मला विचारलं, "बाई, धर्माबादच्या शाळेत तुमच्यासारख्या ओरडणाऱ्या बाई असतील का?" मी तिला जागेवर बस म्हटलं आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

शाळा सुटल्यावर मी तडक केवळाबाईंच्या शेतात गेले. तुरीत खुरपत होत्या. मी बांधावरूनच सुरू झाले. आरतीचा त्या घरात राहायचा हक्क आहे, मी लातूरच्या एका वकीलबाईंशी फोनवर बोलले आहे, त्या दावा लावतो म्हणतात, पण त्याला दिवस लागतील. आणि एकदा का दाराला कुलूप लागलं, पोरगी धर्माबादला गेली, तिचं नाव तिकडच्या शाळेत घातलं, की मग कोण परत येतंय? तेव्हा काही नाही, पिशवी दावा लागेपर्यंत तिथंच ठेवायची.

"न्हाई," केवळाबाई म्हणाल्या.

"न्हाई काय? तुम्ही मंडळाच्या प्रमुख आहात!"

"म्हणूनच न्हाई. मी माझ्या मनानं ठेवली तर त्यो नेम न्हाई ऱ्हात, माझी मर्जी व्हती. मी उद्या मेले की माझी मर्जीबी मेली. मग बायांनी कुणाकडं बगायचं?"

"मग त्या पोरीनं काय करायचं?"

"शुक्रवार येऊ द्या," असं म्हणून त्यांनी पुन्हा खुरपं चालवलं.

मला इतका संताप आला की तशीच बांधावरून परत फिरले. चप्पल चिखलात अडकली तर ती हातात घेऊन चालत गेले. मनात म्हटलं, जळो तो नेम. नेमापुढे माणसाची किंमत नाही का काही? दोन दिवस मी त्यांच्या घरावरून जाताना मान वळवली नाही. रामलिंगमामांनी चहाला हाक मारली तर मी घाई आहे म्हणाले. घाई कसली आलीय इथं!

शुक्रवारी आरतीच्या घरी भजन. एकही बाई चुकली नव्हती. खोली भरली, ओसरी भरली, राहिलेल्या अंगणात बसल्या. भुजंग आला आणि ओट्याच्या कडेला बसला. त्यानं कोनाड्यातलं कुलूप आणून मांडीवर घेतलं होतं. शांत होता. मध्ये मध्ये मान डोलावत होता. एका गजराला त्यानं टाळीही धरली, त्याचा मला जास्त राग आला. आरती समईपाशी बसली होती. आदल्या दिवशी तिनं पिशवीचे फाटलेले बंद उसवून नवे लावून दिले होते, चांगले दुहेरी शिलाईचे. मला वाटलं, ही जायची तयारी करतेय, हातचं काम संपवून जातेय.

भजन झालं, देवाची आरती झाली, गूळ-शेंगदाणे वाटून झाले. केवळाबाईंनी टाळ गोळा करून पिशवीत भरले. आणि नेहमीसारखं विचारलं, "पिशवी कुणाकडं?"

कुणी बोललं नाही.

मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. एरवी पहिल्या शब्दालाच कालवा होतो. केवळाबाईंनी दुसऱ्यांदा विचारलं. तरी शांतता. पन्नास बायका, आणि एकीनंही तोंड उघडलं नाही. कुणी पदराचं टोक बघतंय, कुणी पायाचा अंगठा. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मीही तोंड मिटून घेतलं. मला ओळखणारे सांगतील, हे माझ्यासाठी किती अवघड काम आहे.

भुजंगच्याही ध्यानात आलं. तो उठून दारात आला. समोर गुरम्मा बसली होती. गुरम्मा निलंग्याकडची, माहेर पार कर्नाटकाच्या सीमेवरचं. तिच्या थोरल्या लेकीचं ओटीभरण त्या रविवारी होतं आणि पिशवी घरी असावी म्हणून तिनं महिनाभर आधी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, मध्ये कुणी लुडबूड करायची नाही म्हणून. भुजंग म्हणाला, "गुरम्मामावशी, तुमच्याकडं कार्यक्रम हाय न्हवं रविवारी? मागा की पिशवी."

सगळ्यांच्या माना गुरम्माकडे वळल्या. गुरम्मानं घाम पुसला. लेकीकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "माझ्या घरी जागा न्हाई, बाबा."

गुरम्मानं घर वाढवून वाढवून गावात सगळ्यात मोठं केलंय. तिच्या अंगणात लग्नं लागतात! मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच पदर तोंडाला लावला.

केवळाबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं. बाई नेमाच्या, थांबल्या पुरेशा. मग पिशवीच्या नव्या बंदांची गाठ मारली आणि ती परत त्याच खुंटीला अडकवली. "मागणारी न्हाई कुणी. पिशवी हितंच."

"केवळामावशी, तुमचा नेम कुठं गेला?" भुजंग चिडून म्हणाला. "पिशवी आठवड्याच्या वर अडकवायची न्हाई म्हणता न्हवं?"

"म्या कुठं अडकवली? मागंल तिला द्यायला तयार हाय. ह्या समद्या बसल्यात, विचार त्यांला."

त्यानं विचारलं नाही. कुलूप पुन्हा कोनाड्यात ठेवलं आणि शेवटची जीप पकडायला गेला. तो वळणावरून दिसेनासा झाला आणि मग जो गलका उठला म्हणता! मी केवळाबाईंना कोपऱ्यात गाठलं. "घरोघर जाऊन सांगितलंत ना तुम्ही? माझ्यापाशी का नाही आलात?"

"तुमची शपथ, बाई, एका घरी गेले न्हाई," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं असतं तर तो नेमच मोडला असता की." आणि मग पदरानं डोळे पुसत हसल्या. "कुणी कुणाला सांगितलं न्हाई. ज्येच्या त्येच्या मनात आलं."

मी नंतर खोदून खोदून विचारलं एकेकीला. खरंच कुणी कुणाशी बोललं नव्हतं. प्रत्येकीनं मनाशी ठरवलं होतं, आपण तरी मागायची नाही, मग दुसरीनं कुणी मागितली तर तिचं ती जाणे. तीस वर्षं एकमेकींच्या दारात बसून गायलेल्या बायका होत्या या. मला त्या दिवशी त्यांचा इतका अभिमान वाटला की घरी येऊन ह्यांना फोन केला आणि सगळी हकीकत सांगताना मध्येच रडायलाच लागले. ते बिचारे घाबरले.

रविवारी गुरम्माच्या लेकीचं ओटीभरण टाळांविना झालं. बायकांनी नुसत्या हातांच्या टाळ्यांवर गाणी म्हटली. गुरम्माची विहीणबाई नाक मुरडून म्हणाली, "भजनाचं गाव म्हणं, आन टाळ कुठायत?" गुरम्मा म्हणाली, "टाळ कामाला गेलेत." तळवे लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या आम्ही.

असे शुक्रवार जात राहिले. केवळाबाई तीनदा विचारत, कुणी मागत नसे, गाठ मारून पिशवी परत खुंटीला. कुणाचं बारसं झालं, कुणाच्या घरची पूजा झाली, सगळं टाळ्यांवर. दार दिवसरात्र उघडं, आणि बायका येऊन बसायच्या धोंडाबाईंजवळ. कुणी कापूस घेऊन वाती वळायला, कुणी शेंगा फोडायला. भुजंगबद्दल कुणी अक्षर काढत नसे. मला राहवत नव्हतं, मी एकदा सुरुवात केली, "धोंडामावशी, घर तुमच्या नावावर—" तर केवळाबाईंनी माझा हात असा दाबला की मी गप्प बसले. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "तिला कुणी शिकवू नगा. जल्मभर दुसऱ्याचंच ऐकत आली ती. आता तुमचं ऐकंल, उद्या पुन्हा त्याचं. तिला येळ पायजे, बाई. तेवढाच दिऊ आपण."

मला पटलं की नाही ते सोडा. मी गप्प राहिले, हे खरं.

भुजंग अधूनमधून यायचा. व्यापारी त्याच्या मागे लागला होता. संक्रांतीच्या आसपासच्या एका शुक्रवारी तो आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. या वेळी ओट्यावर बसला नाही, आत येऊन आईच्या शेजारी बसला. हळूच म्हणाला, पण आम्हाला सगळ्यांना ऐकू गेलं, "आई, हे किती दिस चालायचं? मी काय वैरी हाय का तुझा? म्हातारपणी कोण बगंल तुला?"

धोंडाबाईंनी टाळ हातात घेतला. भजन सुरू झालं. मधेच केवळाबाईंनी डोळे उघडले, त्यांच्या सवयीप्रमाणे. मी त्यांच्याकडे बघितलं. धोंडाबाईंचा टाळ थांबला होता.

प्रसाद झाला. "पिशवी कुणाकडं?" केवळाबाईंनी विचारलं आणि आम्ही सगळ्या सवयीनं खाली बघायला लागलो. तेवढ्यात धोंडाबाई उठल्या. गुडघ्यावर हात देऊन, भिंतीला धरून, पण उठल्या. म्हणाल्या, "गुरम्मा, तू माग."

आरतीनं चमकून वर बघितलं. आता पिशवी जाणार, दाराला कुलूप बसणार, मनस्विनी जाणार. इतके शुक्रवार राखलेलं सगळं म्हातारीनं पोराच्या मायेपोटी एका वाक्यात घालवलं, असं मला वाटलं. गुरम्मासुद्धा मागेना.

धोंडाबाई कोनाड्यापाशी गेल्या. कुलूप उचललं. त्यातली किल्ली काढून आरतीच्या हातात दिली आणि मुलाकडे वळल्या. "भुजंगा, तू वैरी न्हाईस माझा. मी लातूरला येईन, सणावाराला येईन, तुझी लेकरं बगायला येईन. पण मला आता जी बगती, तीच म्हातारपणीबी बगंल. घर माझ्या नावावर हाय आन हितं माझी सून ऱ्हाती, माझी नात ऱ्हाती. टाळ असू दे का नसू दे, ह्या दाराला कुलूप लागायचं न्हाई."

एवढं लांब त्या आयुष्यात कधी बोलल्या नव्हत्या. भुजंगनं मान खाली घातली. भांडला नाही, हे त्याचं मी कबूल करते. म्हणाला, "तुझं मन असं हाय, ते आधी सांगायचं व्हतंस, आई."

"आधी मलाच ठावं नव्हतं," धोंडाबाई म्हणाल्या.

मग त्या केवळाबाईंसमोर आल्या आणि कुलूप पुढे धरलं. "केवळे, हे टाक पिशवीत. टाळांसंगं फिरू दे घरोघर."

सगळ्याजणी केवळाबाईंकडे बघायला लागल्या. पिशवीत टाळांशिवाय काही टाकायचं नाही हा नेम मला कापराच्या डबीपासून चांगला माहीत होता. केवळाबाई काही क्षण कुलपाकडे बघत राहिल्या. त्यांना काय दिसत होतं ते मला कळलं, आणि तिथं बसलेल्या प्रत्येक थोरल्या बाईला कळलं. मग त्यांनी पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडून धरलं. कुलूप टाळांवर पडलं, खणकन वाजलं. आतापर्यंत स्वतःला आवरून धरलेली आरती ढसाढसा रडायला लागली आणि मनस्विनी तिला "आई, अगं आता कामून रडती?" म्हणून ओरडायला लागली.

"पिशवी कुणाकडं?" केवळाबाईंनी पुन्हा विचारलं.

"माझ्याकडं!" गुरम्मा इतक्या जोरात ओरडली की अंगणातली कुत्री उठली. त्यावर मागच्या दोघी म्हणाल्या, इतके दिवस आम्हीपण थांबलोय, तुझ्या लेकीचं ओटीभरण तर झालं. भांडण लागलं. काय सुंदर भांडण होतं ते! केवळाबाईंनी त्यातच गवळण सुरू केली, वरच्या पट्टीत, आणि दुसऱ्याच ओळीला घसरल्या. मी पेटीवर त्यांच्यामागे गेले. मला पहिल्यांदाच त्याचा राग आला नाही.

कुलूप अजून पिशवीतच आहे. किल्ली आरतीच्या मशिनच्या खणात, बटणांच्या डबीत. भुजंग पाडव्याला येऊन पुरणपोळी खाऊन गेला, आरतीला नवी कात्री आणली होती त्यानं. त्या ओट्यावर आता संध्याकाळी मुली शिवण शिकायला बसतात. पिशवी एका घरून दुसऱ्या घरी निघाली की कुलूप टाळांवर आपटून वाजतं, आणि नव्यानं सून होऊन आलेल्या पोरी विचारतात, हे काय वाजतंय? मग कुणीतरी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगतं.

या आठवड्यात पिशवी माझ्याकडे आहे. काल आमचे हे नांदेडहून आले तर दार सताड उघडं. म्हणाले, "अगं, कडी तरी घाल. कुणी शिरलं म्हणजे?" मी उत्तर द्यायच्या आत केवळाबाई आत शिरल्या, चप्पल काढून पलंगावर बसल्या आणि ह्यांना म्हणाल्या, "बरं झालं आलात. चहा टाका."

ह्यांनी टाकला.